सोसायटीतर्फे ड्रोन गस्तीबद्दल निवेदन द्यायचंय, नेमकं काय मागायचं?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. आमची लहान मच्छीमारांची सोसायटी आहे, बहुतेक गिलनेटवाले (पाण्यात उभं सोडलेलं जाळं, मासा त्यात अडकतो) आणि थोडे रापणवाले (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं), देवगड-मालवण पट्ट्यातले. ९ जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने समुद्रावर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली हे तुम्ही वाचलंच असेल. पालघरचं शिरगाव, मग उत्तन, गोराई, ससून डॉक, रेवदंडा, श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरीनाटे आणि शेवटी आमचं देवगड, अशी नऊ ठिकाणं आणि ७२० किलोमीटरचा किनारा.

आमचं दुखणं जुनंच आहे. रात्री एलईडी लावून मासे गोळा करतात आणि वरून पर्ससीनचं, म्हणजे सगळीकडून घेरून खालून आवळायचं जाळं मारतात, अख्खा थवाच्या थवा उचलला जातो, लहान पिल्लांसकट. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर दहा वाव खोलीच्या आत, म्हणजे किनाऱ्याजवळ घुसतात, आमची टाकलेली जाळी तुटून जातात, ती जाळी कर्ज काढून घेतलेली असतात. एलईडीवर केंद्राने २०१७ लाच बंदी घातली, राज्याने २०२१ मध्ये कायदा कडक केला, एलईडीला दंड ५ लाखापासून २० लाखापर्यंत नेला, म्हणजे कायद्यात काही कमी नाही, सगळं अडतं ते पकडण्यावर. म्हणून ड्रोन आला तेव्हा आम्हाला मनापासून बरं वाटलं आणि अजूनही वाटतं.

आता सोसायटीने ठरवलंय की खात्याला आणि आमदारांना एक व्यवस्थित निवेदन द्यायचं, नुसतं "ड्रोन वाढवा" असं नको, मुद्देसूद पाहिजे. तर जाणकारांनी सांगा की हा ड्रोन किती लांब जातो, रात्री दिसतं का, बोटीचा नंबर वाचता येतो का, आणि ड्रोनच्या फोटोवर दंड होऊ शकतो की बोट प्रत्यक्ष पकडावीच लागते. बाहेरच्या देशात हे कसं करतात तेही कुणाला माहीत असेल तर लिहा. राजकारण नको प्लीज, कामाचं बोलूया.

ड्रोनवाला_नाशिक

दादा चांगला विषय काढलात. मी सर्व्हेचे ड्रोन उडवतो, किनाऱ्यावर पण कामं केली आहेत, त्यामुळे सरळ हिशोब मांडतो.

लग्नात दिसतो तसा चार किंवा सहा पंख्यांचा ड्रोन असेल तर बॅटरी साधारण ३०-४० मिनिटं चालते. वेग ताशी ५० धरा. राज्याची हद्द १२ सागरी मैल म्हणजे २२ किलोमीटर, तिथवर पोचायलाच २५-२६ मिनिटं गेली, परत यायला बॅटरी कुठून आणणार? समुद्रावर तर परतीचं वारं समोरून असेल तर आणखी धरून ठेवावी लागते. म्हणजे असा ड्रोन किनाऱ्यापासून पाच-सात किलोमीटरपर्यंत खरा उपयोगी, त्याच्या पुढे नुसता कागदावर.

दुसरा प्रकार म्हणजे सरळ वर उठतो आणि मग विमानासारखा पंखांवर उडतो, त्याला व्हीटॉल म्हणतात. पंख असल्यामुळे हवेत टिकायला ताकद कमी लागते, बॅटरीवर दीड-दोन तास आणि पेट्रोल इंजिनवाला असेल तर कितीतरी जास्त, वेगही ७०-८० च्या आसपास. १२ मैलाचं काम करायचं असेल तर हाच पाहिजे. निवेदनात पहिली ओळ ही लिहा की ड्रोन किती आहेत यापेक्षा एकेक ड्रोन किती किलोमीटर जाऊन, किती वेळ थांबून, परत येतो हे जाहीर करा.

दिसण्याचं म्हणाल तर वाळूवर उभं राहिलं की आपल्याला जेमतेम ५ किलोमीटरवरचं क्षितिज दिसतं, तेच १२० मीटरवर गेलात की ४० किलोमीटरच्या आसपास. पण बोट दिसणं वेगळं आणि तिचा नंबर वाचणं वेगळं. चांगला झूम असला तरी समुद्रावरची धुरकट हवा, हलणारी बोट, नंबरावर टाकलेलं जाळं, हे सगळं धरून एक-दीड किलोमीटरच्या आत जावंच लागतं.

आणि नियम. २०२१ च्या ड्रोन नियमांत सूट आहे ती फक्त लष्कर, नौदल, हवाईदलाला, राज्याचं खातं असलं तरी त्याला परवानग्या लागतात. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही त्या भागात, उंची ४०० फूट म्हणजे ते १२० मीटर, आणि पायलटच्या नजरेपलीकडे उडवायचं तर वेगळी परवानगी. समुद्रावर २ किलोमीटर पुढे गेला की ड्रोन नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे ही परवानगी नसेल तर बाकी सगळं बोलून उपयोग नाही. ती घेतलीय का हा प्रश्न निवेदनात जरूर टाका.

खाडीकाठची

मी रायगडची, घरात तीन पिढ्या मासेमारी, मी स्वतः बंदरावर विकते आणि आमच्या महिला मंडळाचं कामही बघते. वरच्या भाऊंनी पाच-सात किलोमीटरचं लिहिलं ते वाचून मला जे इतके दिवस बोलायचं होतं ते बोलते.

ड्रोन जर जवळच उडणार असेल तर त्याला सापडणार कोण? आमच्या लहान होड्या! एक सिलेंडरच्या इंजिनवाले, डोलवाले (खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं), खाडीच्या तोंडाशी गिलनेट टाकणारे. त्यांच्याकडे एखादा कागद कमी असतो, लायसन रिन्यू करायचं राहिलेलं असतं, नंबर पुसट झालेला असतो. आणि ज्यांनी समुद्र ओरबाडला ते १५-२० किलोमीटरवर, रात्री दोन वाजता. तो ड्रोन दिवसा ११ वाजता उडाला आणि ५ किलोमीटरवरून परत आला तर वर्षअखेरीच्या आकड्यांत काय दिसेल, तर इतक्या बोटींवर कारवाई झाली, आणि त्या सगळ्या आमच्याच असतील. कुणी मुद्दाम करेल असं मी म्हणत नाही, यंत्र जिथवर पोचतं तिथलीच माणसं त्यात सापडतात, एवढंच.

म्हणून माझी विनंती आहे की निवेदनात असं मागा की दर महिन्याला उड्डाणं किती, त्यातली रात्रीची किती, किनाऱ्यापासून किती मैलांवर गेली, आणि कारवाई झालेल्या बोटी कुठल्या प्रकारच्या, पर्ससीन, ट्रॉलर की लहान होडी, हे बंदरावरच्या फलकावर लावा. मोबाईलवर टाकलं तरी चालेल पण फलकावर पाहिजेच, सगळे वाचतात.

अजून एक, हे जरा बायकांच्या बाजूचं. पहाटे आम्ही वाळूवर मासळी सुकवायला असतो, आडोशाला जायची सोय बऱ्याच ठिकाणी उघड्यावरच आहे. ड्रोन वस्तीवरून न्यायचा नाही, उडाला की सरळ पाण्याकडे, आणि किनाऱ्यावर असताना कॅमेरा बंद. हे लिहून घ्या. आमच्या मंडळाने हा मुद्दा मांडला तेव्हा काही पुरुष मंडळींना तो किरकोळ वाटला, आम्हाला नाही वाटत.

सड्यावरचा

ताई, हा मुद्दा आमच्या बैठकीत कुणाच्या डोक्यात आला नव्हता. दोन्ही गोष्टी जशाच्या तशा घेतो.

कोपनहेगनकर

मूळचा रत्नागिरीचा, गेली बरीच वर्षं डेन्मार्कला, काम जहाजांशी संबंधित. इथलं सांगतो, त्यातून तुमच्या फोटोवर दंड होतो का या प्रश्नालाही उत्तर मिळेल.

युरोपच्या देशांची मिळून एक सागरी सुरक्षा संस्था आहे, लिस्बनला. ती ड्रोन भाड्याने घेते आणि ज्या देशाला गरज असेल त्याला पायलटसकट फुकट वापरायला देते. प्रत्येक देशाने वेगळा ड्रोन विकत घेऊन धूळ खात ठेवायचा नाही, हे मला फार पटतं, आपल्याकडे महाराष्ट्र-गोवा-कर्नाटक मिळून असं का करू नये? मासे काय हद्द बघून पोहत नाहीत आणि ट्रॉलर तर नाहीच नाही.

त्यातलं डेन्मार्कचं काम मला जवळून माहीत आहे. इथल्या समुद्रात जहाजाच्या इंधनात गंधक ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी २०२० पासून ०.५ टक्के. स्वस्त इंधन जाळलं की मालकाचा भरपूर पैसा वाचतो, म्हणून मोह असतो. तर सामुद्रधुनीतून जहाज जाताना ड्रोन त्याच्या धुराच्या पट्ट्यात शिरतो, ड्रोनवर हवा हुंगणारं यंत्र असतं, ते सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण मोजतं आणि त्यावरून इंधनात गंधक किती ते काढतं. वापरतात तो ड्रोन छोट्या हेलिकॉप्टरसारखा, २०० किलो वजनाचा, तासन् तास उडणारा.

आता महत्त्वाचं. त्या मापावर थेट दंड होत नाही. आकडा संशयास्पद आला की पुढच्या बंदराला कळवतात, जहाज लागलं की अधिकारी वर चढतात, टाकीतून नमुना घेतात, लॅबला पाठवतात आणि केस त्या नमुन्यावर उभी राहते. आधी शेकडो जहाजांतून कुठलं तपासायचं हे अंदाजाने ठरायचं, आता नेमकं ठरतं. ड्रोनचं खरं काम ते, कुठे जायचं ते दाखवणं.

तुमच्याकडेही हेच लावा. ड्रोनच्या व्हिडिओवर जीपीएस, वेळ, नंबर आला तरी एलईडीवाला म्हणणार की मी नुसता थांबलो होतो, मासे पकडलेच नाहीत. त्यात आपल्याकडे बऱ्याचदा लाईट मारणारी बोट एक आणि जाळं ओढणारी दुसरी, म्हणजे दोन्ही एकाच फ्रेममध्ये आल्या पाहिजेत, लाईट पेटलेले आणि जाळं पाण्यात. आणि बंदरात शिरताना दोन्ही बोटी अडवून जनरेटर, दिवे, मासळी यांचा पंचनामा. दोन्ही जोडलं की सुटायला जागा राहत नाही.

अजून एक गोष्ट जी जवळजवळ फुकट आहे. रात्रीचे दिवे टिपणारे उपग्रह आहेत, अमेरिकेचा २०११ साली सोडलेला एक तर मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराला वरून जातो आणि समुद्रातला बोटींचा उजेड त्यात ठिपक्यांसारखा दिसतो, माहिती सगळ्यांना खुली आहे. एलईडीवाल्यांना लपायचं तर दिवे बंद करावे लागतील, आणि दिवे बंद केले तर धंदाच बंद. कोणत्या भागात, कोणत्या रात्री ठिपके वारंवार येतात हे महिनाभराचं बघितलं तरी ड्रोन कुठे पाठवायचा ते कळेल. ढगाळ रात्री आणि पावसाळ्यात मात्र हे चालत नाही.

बंदरावयलो

आमच्या हयसर सगळे ह्याच इचारतत, रातचो ड्रोन उडता काय. दिवसाचो उडवून काय करतलास, दिवसा एलईडीवालो घराक झोपलेलो आसता. निवेदनात सगळ्यात वर "रातची गस्त" लिवा, बाकीचा मागसून.

ड्रोनवाला_नाशिक

अगदी बरोबर. रात्रीसाठी थर्मल कॅमेरा लागतो, तो उष्णता बघतो. रात्री समुद्राचं पाणी एकसारख्या तापमानाचं असतं, त्यावर इंजिनचा धूर सोडणारा पाईप, चालू जनरेटर, माणसं हे सगळं पांढरंशुभ्र उठून दिसतं. दिवे विझवून पळाला तरी जनरेटर लगेच गार होत नाही. पण थर्मलमध्ये रंगवलेला नंबर वाचता येत नाही हे लक्षात ठेवा, म्हणून उजेड चालू असतानाच साध्या कॅमेऱ्यातून नंबर घ्यायचा आणि नंतर थर्मलने बंदरापर्यंत मागे राहायचं. दोन्ही कॅमेरे एकाच गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणारी फिरती बैठक) असलेले संच मिळतात, तसं स्पष्ट लिहा.

निवृत्त_खलाशी

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, आता अलिबागेत. सगळे मासेमारीवर बोलताय ते योग्यच, पण समुद्रावर नजर ठेवण्याचा विषय त्याहून मोठा आहे म्हणून लिहितो.

२०११ चा पावसाळा आठवा. पवित नावाचं एक टँकर ओमानच्या बाजूला बिघडलं, खलाशांना वाचवलं, जहाज सोडून दिलं. सगळे धरून चालले की ते बुडालं. ते महिनाभर अरबी समुद्रात एकटंच वाहत आलं आणि ३१ जुलैला जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. हजार टन वजनाचं, माणूस नसलेलं जहाज, २६/११ ला तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती, आणि मुंबईच्या दारात येईपर्यंत कुणाला पत्ता नाही. त्याच्या आधी जूनमध्ये विस्डम नावाचं जहाज तिथेच लागलं होतं, आणि पवितनंतर चारच दिवसांनी राक कॅरियर कोळसा घेऊन मुंबईसमोर बुडालं, तेल किनाऱ्याला लागलं. मला त्या उन्हाळ्या-पावसाळ्याची अजून चीड येते.

त्यानंतर किनाऱ्यावर रडारची साखळी पूर्ण झाली, पहिल्या टप्प्यात देशभरात ४६ ठिकाणी. पण रडारला लोखंडी जहाज चांगलं दिसतं, लाकडी किंवा फायबरची होडी लाटांच्या गर्दीत हरवते. वीस मीटरपेक्षा जास्त लांबीच्या बोटींना आपली ओळख आणि जागा रेडिओवरून सांगणारं एआयएस यंत्र सक्तीचं आहे, पण बंद करणारे बंद करतात. लहान बोटींसाठी इस्रोच्या तंत्रज्ञानावरचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत बोटीची जागा कळवणारी यंत्रं आली, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांनी ती योजना सुरू केली, १ लाख बोटी, ३६४ कोटी. ही तिन्ही चित्रं एकावर एक ठेवली की उरतो तो असा ठिपका जो रडारवर आहे पण आपली ओळख सांगत नाही. ड्रोन त्या ठिपक्याकडे पाठवायचा. उगाच किनाऱ्यासमांतर फेऱ्या मारत बसला तर बॅटरी संपते आणि हाती काही येत नाही.

मोठ्या ड्रोनचं म्हणाल तर नौदलाने २०२० च्या नोव्हेंबरपासून दोन सी गार्डियन भाड्याने घेतले होते, त्यातला एक सप्टेंबर २०२४ मध्ये बंगालच्या उपसागरात उतरवावा लागला, आणि ऑक्टोबरमध्ये तिन्ही दलांसाठी ३१ घ्यायचा करार झाला, १५ नौदलाचे. ते लष्करी काम. पण तेच विमान जपानचं तटरक्षक दल ऑक्टोबर २०२२ पासून, सुरुवातीला हाचिनोहे इथून, निव्वळ नागरी कामाला उडवतं, शोध, बचाव, परदेशी मासेमारी बोटींवर लक्ष. चोवीस तासांहून जास्त वर राहतं. राज्याला तेवढं परवडणारं नाही आणि लागतही नाही, पण १२ मैलांपलीकडे कुणाला तरी ते करावंच लागेल. दरवर्षी मे-जूनला कोकणात-गोव्यात वाळूवर डांबराचे गोळे येतात, ते तेल पाण्यात कुठे सांडलं ते आपण वाळूवर आल्यावर शोधत बसतो.

आणि एक मागणी माझ्याकडून घाला. बोट बेपत्ता झाली की पहिल्या तासात ड्रोन शोधाला निघाला पाहिजे, फाईल फिरत बसू नये. युरोपात काही मोठ्या ड्रोनखालून लाईफ राफ्ट टाकायचीही सोय आहे. मच्छीमारांना ड्रोन फक्त दंडाच्या पावतीसाठी येतो असं वाटायला लागलं तर त्याला कुणी मदत करणार नाही, वाचवायलाही येतो म्हटल्यावर लोक स्वतःहून माहिती देतील.

सड्यावरचा

काका, शोधाची मागणी आता पहिल्या तीनात गेली. आमच्या गावात बोट न परतल्याच्या रात्री काय असतात ते सगळ्यांना माहीत आहे.

अजून दोन शंका. एक, व्हिडिओ पुरावा म्हणून टिकावा यासाठी काय लागतं? आणि पावसाळ्यात जून-जुलैला मासेमारी बंदी असते, नेमके तेव्हा काही जण बाहेर काढतात, तेव्हा ड्रोन चालेल का?

खाडीकाठची

पुराव्याचं मी सांगते, आमच्या मंडळाला एका वकील ताईंनी समजावलं होतं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ आहे, डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते, म्हणजे नंतर व्हिडिओत एक सेकंद जरी बदलला तरी कळतं. ड्रोन खाली उतरल्याबरोबर मेमरी कार्ड सील, हॅश काढून नोंद. पूर्वी ही प्रकरणं तहसीलदारांकडे जायची, २०२१ च्या सुधारणेनंतर मत्स्यव्यवसायच्या सहाय्यक आयुक्तांकडे चालतात, त्यामुळे निकाल लवकर लागायला वाव आहे पण अपिलात जाताना कागद पक्के पाहिजेत. आणि ज्या बोटीवर आरोप आहे तिच्या मालकालाही तो व्हिडिओ बघायला मिळाला पाहिजे, हे आमच्या लहान माणसांच्या संरक्षणासाठी लिहा.

ड्रोनवाला_नाशिक

पावसाळ्याचं कठीण आहे, उगाच आशा दाखवत नाही. लहान ड्रोन बहुतेक ताशी ३५-४० किलोमीटर वाऱ्यापर्यंत सुरक्षित, जून-जुलैला कोकणात झोत त्याच्या वर सहज जातात, शिवाय पाऊस आणि ढग खाली. व्हीटॉलला उतरताना आडवा वारा जास्त त्रास देतो कारण पंख वारा धरतात. उघडीप मिळेल ते दोन-तीन तास साधायचे एवढंच. त्यामुळे बंदीच्या काळात ड्रोनपेक्षा बंदराच्या तोंडाशी माणूस आणि डिझेल पुरवठ्यावर लक्ष जास्त उपयोगाचं. बोट कुठूनही निघाली तरी मासळी उतरवायला कुठल्यातरी जेटीला लागतेच.

खारी हवा हा वेगळा शत्रू. मोटरची बेअरिंग, कनेक्टर, बॅटरीच्या पिना, सगळं गंजतं. प्रत्येक उड्डाणानंतर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसणं, सुटे भाग जवळ ठेवणं, एक ड्रोन उडताना दुसरा तयार असणं. एका ठिकाणी एकच ड्रोन दिला की तो दुरुस्तीला गेला तेवढे दिवस समुद्र मोकळा, आणि ही बातमी बंदरात तासाभरात पोचते. म्हणून प्रत्येक ठिकाणी किमान दोन मागा.

पायलट मात्र गावातलेच घ्या असं आग्रहाने लिहा. दहावी पास आणि वय १८ ते ६५ एवढीच अट आहे, मान्यताप्राप्त संस्थेत थोड्या दिवसांचं प्रशिक्षण घेतलं की रिमोट पायलटचं प्रमाणपत्र मिळतं. बाहेरचा पायलट स्क्रीनवर बोट बघतो. तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याच्या घरातली मुलगी किंवा मुलगा बोटीचा आकार, जाळ्याची दोरी, पाण्याचा रंग बघून सांगेल की हा गिलनेटवाला आहे की पर्ससीनवाला. ते कोणी क्लासमध्ये शिकवू शकत नाही.

मसुदा झाला की इथे टाका, ड्रोन आणि कॅमेऱ्याचा भाग मी वाचून दुरुस्त करून देतो.

कोपनहेगनकर

उपग्रहाच्या दिव्यांची माहिती कशी उतरवायची ते मी पायरी-पायरीने मराठीत लिहून उद्या-परवा इथेच टाकतो. देवगडसमोरचा पट्टा आधी घेतो, कोणाला दुसरं बंदर हवं असेल तर सांगून ठेवा.